लाल रेघ

"दोनशे चाळीस ग्रॅम," सुगंधानं काट्यावरचा आकडा वाचला आणि पेन्सिल वहीवर टेकवून तशीच थांबली.

"थांबलीस का? लिही की," मी म्हटलं. "का हाताला जड जायला लागलं?"

काट्यावर ढब्बू बसला होता. कासवाचं पिल्लू, पाठीवर चांदण्या असलेलं. दहा महिन्यांपूर्वी आणलं तेव्हा जर्दाळूएवढं होतं, आता वाटीत मावत नव्हतं. मान लांब काढून माझ्या बोटांकडं बघत होतं, कारण बोटांना उकडलेल्या अंड्याचा वास येत होता.

"आता तुझ्यातलं आण एक," मी सुनेला म्हटलं.

सुगंधा माझी थोरली सून. तिनं बाहेरच्या वाफ्यातनं एक उचलून आणलं. अंगाला माती, तोंडाला गवताची काडी.

"बासष्ट."

"बासष्ट! अगं, एवढ्या तर माझ्या कानातल्या कुड्या भरतील. दोघं एकाच दिवशी आली ना गं इथं? का तुझं वाटेत कुणी बदललं?"

सुगंधानं बासष्ट लिहून घेतले. न बोलता बोलणारी बाई आहे ती, पहिल्यापासून. मला त्याचाच राग यायचा.

दारात मृदुला डॉक्टर उभी होती, ती हसली. "आक्का, तुमच्यापुढं कुणाचं चालायचं?" तिनं वही घेतली, भिंतीवरच्या चौकटीचौकटींच्या कागदावर लाल पेन्सिलीनं एक ठिपका दिला आणि मागच्या ठिपक्याला जोडला. त्या कागदावर दोन रेघा होत्या. हिरवी रेघ जमिनीला धरून चाललेली, दमलेल्या माणसासारखी. लाल रेघ चढत चढत पार वर. पहिल्या महिन्यातच मी विचारलं होतं, "ह्यातली मी कुठली गं?" ती म्हणाली होती, "लाल म्हणजे तुम्ही, आक्का." मला बरं वाटलं होतं. लाल रंग कुंकवाचा, ओटीच्या खणाचा. आपल्यात लाल रंग वाईटाला कुठं वापरतात? मी त्या रेघेकडं रोज सकाळी देवाच्या फोटोकडं बघावं तसं बघायची.

माझं नाव अनसूया, पण सगळा गाव अनसाक्का म्हणतो. शाळेत दुसरीपर्यंत गेले, तिसरीच्या पुस्तकाला पैसे नव्हते म्हणून घरी बसवलं. अक्षर लावून लावून वाचता येतं, तेही आपलंच, इंग्रजी नाही. पण माझी शाळा वेगळी होती. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा आणि पोराला मालिश करून आंघोळ घालायची, हे काम मी सासूकडनं घेतलं. जमिनीवर बसून पाय लांब पसरायचे, त्या दोन नळ्यांच्या मधे पोर पालथं घालायचं, कोमट तेल ओतायचं. तीनशेच्या वर पोरं त्या पायांवर वाढली. किडकं पोर माझ्याकडं द्या, चाळीस दिवसांत त्याच्या मनगटाला वळ्या पडल्या नाहीत तर नावाची अनसाक्का नाही, असं मी भर बाजारात म्हणायची. आणि माझं कधी खोटं पडलं नव्हतं.

मृदुला त्यातलीच. सातव्या महिन्यात जन्मलेली, दवाखान्याच्या काचेच्या पेटीतनं घरी आणली तेव्हा तिची सख्खी आई तिला हात लावायला भ्यायची. उंदराएवढं पोर. मी तिला वर्षभर पायांवर घेतली. तीच मृदुला जनावरांची डॉक्टर होऊन परत आली आणि गावाबाहेरच्या माळावर जखमी, सोडलेल्या जनावरांसाठी तिनं जागा घेतली. सुगंधाला तिथं कामाला लावलं ते मीच सांगून. सुगंधा दहावी झालेली, नोंदी ठेवायची, पिंजरे धुवायची.

मग एक दिवस वनखात्याच्या लोकांनी एस.टी. स्टँडवर एक पिशवी पकडली. पायमोज्यांत गुंडाळलेली कासवाची चौदा पिल्लं. कुठं तरी परदेशात विकायला निघालेली. खटला चालेपर्यंत ती मृदुलाकडं सांभाळायला दिली. दुसऱ्या दिवशी ही माझ्या दारात. वाकून पाया पडली.

"आक्का, सात पोरं आहेत. त्यांना आई नाही. तुमच्या हातानं वाढवायचीत."

"कासवाचं मला काय कळतंय, बाई?"

"पोरं वाढवायचं कळतं ना? तुमच्या मनाला येईल तसं खायला घाला. मी एका शब्दानं मधे येणार नाही."

"आणि बाकीची सात?"

"ती सुगंधावहिनींकडं. त्यांना मी सांगेन तसं."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी सुनेकडं बघितलं. मला वाटलं, तिला सांगावं लागतं, मला सांगावं लागत नाही.

त्या सातांचं मी बाराव्या दिवशी बारसं केलं. हसू नका. घुगऱ्या वाटल्या. ढब्बू, गुलाब, जोंधळी, मोत्या, तुळसा, पेंद्या आणि शिरपा. सुगंधाच्या सातांना नावं नव्हती, पाठीवर नुसते रंगाचे ठिपके होते. माझी पोरं आतल्या खोलीत, दिव्याच्या उबेला. वारं लागू दिलं नाही, ऊन लागू दिलं नाही. कोवळ्या अंगाला जपायला नको? सकाळी वरणभात मऊ कालवून, दुपारी भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून, संध्याकाळी अंड्याचा बलक नाही तर दुधातलं केळं, वरून खारकेची पूड. आठवड्यातनं दोनदा पाठीला खोबरेल. धुरीही देणार होते, पण तेवढ्याला मृदुला हात जोडून नको म्हणाली.

आणि तिकडं सुगंधा काय करायची? हरळी उपटून आणायची, जास्वंदीची पानं, निवडुंगाचा सोललेला तुकडा. झालं जेवण. सकाळी परातीत कोमट पाणी घालून त्यात त्यांना बसवायची आणि मग उन्हात मोकळं सोडायची. माझ्या नातीलाही तिनं असंच वाढवलं होतं, स्वतःच्या मताप्रमाणं. ती पोरगी शाळेत पळायला पहिली यायची ते खरं, पण हाडं मोजून घ्यावीत अशी. मला चारचौघांत लाज वाटायची.

"तुझ्या पोरीला ठेवलंस उपाशी ते ठेवलंस," मी तिला म्हणायची, "ह्या मुक्या जनावरांनी तुझं काय घोडं मारलंय?"

मी सांगत होते त्या सोमवारी, ढब्बू दोनशे चाळीस भरला त्या दिवशी, शेवटी गुलाबला काट्यावर ठेवायची राहिली होती. तिला जमिनीवर सोडलं होतं. मी हाक मारली की ती सगळ्यांत आधी यायची. त्या दिवशी निघाली, पण मागचे दोन्ही पाय ओढत. ओल्या फरशीवर पोट घासत आली आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला तोंड लावून थांबली.

"हिला काय झालं गं?"

मृदुला खाली बसली. तिनं गुलाबला उलटं केलं, पोटाच्या कवचावर अंगठा दाबला. तो अंगठा जरा आत गेला. मी बघितलं. पिकलेल्या पेरूवर दाबल्यासारखा गेला. पाठीवर तर प्रत्येक चांदणीचा डोंगर झाला होता, मोदक ओळीनं मांडावेत तसे. मला ते डोंगर आवडायचे. सुगंधाच्या पोरांच्या पाठी सपाट, गुळगुळीत. माझ्यांच्या भरलेल्या, उंच.

"मी हिचा फोटो काढून आणते," मृदुला म्हणाली. "हाडांचा."

तालुक्याच्या गावी नेलं, दुसऱ्या दिवशी आणलं. मी दारातच उभी होते.

"काय निघालं?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पाटीतनं गुलाबला काढून माझ्या हातात दिली. "थोडा अशक्तपणा आहे, आक्का."

"अशक्तपणा?"

"थोडा. तुम्ही तुमचं चालू ठेवा."

आता मला सांगा, बाळंतिणीच्या खोलीत ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिला अशक्तपणा म्हटल्यावर ती काय करेल? मी गुलाबचं खाणं दुप्पट केलं. अंडं एकवेळचं दोनवेळ. शेंगदाण्याचा कूट दुधात कालवून, बोटानं भरवायला लागले. तिच्या मागच्या पायांना रोज एरंडेल चोळलं, एवढे एवढे पाय, काडेपेटीतल्या काडीला तेल लावावं तसं.

पाडव्याला आम्ही दोघी सकाळी गुढी उभी करून माळावर गेलो. मी गुलाबला मांडीवर घेऊन भरवत होते. सुगंधा दारात आली. हातात गवताचा भारा.

"आत्या, एक सांगू?"

"सांग."

"तिला अंडं नका देऊ. डाळ पण नको. माझ्यातलं गवत देऊन बघा ना थोडं. आणि उन्हात..."

"का?"

ती मागं बघितल्यासारखं करून म्हणाली, "मला वाटतंय, ती खाण्यानंच..."

"खाण्यानं? खाण्यानं कुणी आजारी पडतं का गं? तुझ्या सुकटीला कुणी बघत नाही आणि माझ्या पोरांना लोक बघायला येतात, त्याचं पोटात दुखतंय तुझ्या. सणासुदीला तरी तोंड गोड ठेव."

तिनं भारा उचलला आणि गेली. संध्याकाळी घरी पुरणपोळी तिनंच केली, माझ्या ताटात तूपही तिनंच वाढलं. त्या विषयावर ती परत एक अक्षर बोलली नाही. आणि मी? मी जिंकले असं मला वाटलं.

आषाढात, बैलांच्या बेंदराच्या आदल्या दिवशी गुलाब गेली. सकाळी दार उघडलं तर मान बाहेर, डोळे उघडे, तोंडाला रात्रीचं दूध सुकलेलं. मी तिला पदरात घेऊन बसले. तीनशे पोरं पायांवर घेतली, एक गेलं नव्हतं माझ्या हातात. मी म्हटलं, तुळशीपाशी पुरते हिला. मृदुला म्हणाली, "नको आक्का, तपासणीला पाठवायला लागेल. कोर्टाची नोंद असते." म्हणून तिनं नेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमची काही चूक नाही."

तिच्या त्या बोलण्यावर मी दोन दिवसांनी जेवले.

गणपती झाले आणि मृदुलानं सांगितलं की मोठे लोक येणारेत. बाहेरगावचे एक सर, ज्यांच्या हाताखाली ती आणखी कसली मोठी पदवी घेत होती, वनखात्याचे साहेब, कॉलेजची मुलं-मुली. "आक्का, तुम्हीही या. ढब्बूला घेऊन या." मी इरकल नेसले, मोरपंखी. नाकात मोत्याची नथ घातली. ढब्बूला कोमट पाण्यानं पुसलं, पाठीला खोबरेल लावलं. वेताच्या टोपलीत खाली मऊ फडकं घालून त्याला बसवलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. सुगंधा माझ्या शेजारी. तिनं साधं पातळ नेसलं होतं.

"एखादं बरं लुगडं नव्हतं का तुझ्याकडं? आज तुझंही नाव घेतील, कामाला होतीस म्हणून," मी म्हटलं.

"आत्या," ती म्हणाली, "आपण मागं बसूया का?"

"मागं कशाला? मी काय चोरी केलीय?"

खिडक्यांना पडदे ओढले आणि भिंतीवर चित्रं पडायला लागली. मृदुला इंग्रजीतनं बोलत होती, झरझर. माझ्या पायांवर वाढलेली पोर, बोबडंसुद्धा माझ्यासमोर बोललेली. आता हिचं बोलणं ऐकायला एवढे मोठे लोक मान पुढं काढून बसलेत म्हणून माझे डोळे भरून आले. मग ती दोन रेघांची चौकट आली. लाल रेघ भिंतभर वर गेलेली. मी सुगंधाला कोपर मारलं. "आपली बघ."

पुढचं चित्र दोन पाठींचं. एक सपाट, एक डोंगरांची. डोंगरांची पाठ बघून मागच्या रांगेतनं "च्च, च्च" असा आवाज आला. आम्ही नवं बाळ बघून दृष्ट लागू नये म्हणून जीभ वाजवतो, मला वाटलं तसंच असेल. मग काळी चित्रं. एकात हाडं पांढरी, स्पष्ट, रांगोळीच्या रेघांसारखी. दुसऱ्यात नुसता धूर. कुठंतरी हाड आहे असं वाटायचं, बघितलं की नाही. कोपऱ्यात आकडा होता आणि त्याखाली आपल्या अक्षरांत एक शब्द. मी अक्षर लावून लावून वाचला. गु. ला. ब.

"काय म्हणत्यात गं?" मी सुगंधाला विचारलं.

तिनं माझा हात धरला. लग्नात अंतरपाट सुटल्यावर पाया पडताना धरला असेल तेवढाच, त्यानंतर तिनं माझा हात कधी धरला नव्हता.

दिवे लागले. वनखात्याचे दोघं-तिघं रक्षक होते, त्यांना इंग्रजी कळलं नव्हतं. म्हणून ते मोठे सर उठले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी सोप्या भाषेत सांगतो. वजन वाढणं आणि तब्येत असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रानात हे कासव अगदी सावकाश वाढतं, कारण त्याला गवत मिळतं आणि ऊन मिळतं. घरी आणलं की आपण त्याला वरणभात घालतो, अंडी घालतो, सावलीत ठेवतो. कवच भराभरा वाढतं, हाडं मागं राहतात. वरून थोराड दिसतं, आतून पापड. पाठीवर असे उंचवटे आले की समजायचं, घात झाला. पन्नास-साठ वर्षं जगणारं जनावर चार-पाच वर्षांत संपतं, काही तर त्याच्याही आधी. आणि मारणाऱ्याला वाटतं, मी किती लाड करतोय."

रक्षकांनी माना हलवल्या.

"आपल्या डॉक्टरांनी हे नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. सात सावकाश वाढवली, सात भराभर. आता भराभर वाढवायला त्यांना असं माणूस पाहिजे होतं, जे लोक घरोघरी घालतात तसंच हुबेहूब खायला घालेल, कुणी न सांगता."

"मग मिळालं का, सर?" एकानं विचारलं.

"मिळालं ना," सर म्हणाले, आणि लोक हसले.

वाईट नव्हते हसले. लग्नघरात हसतात तसे हसले. माझ्या मांडीवर टोपलीत ढब्बू, पाठीला खोबरेल लावलेला, दिव्याखाली चमकत होता. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्या नथीकडं. मृदुला म्हणाली, "ह्या आमच्या आक्का. ह्यांच्याशिवाय हे काम झालं नसतं." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. टोपली घेऊन थेट आतल्या खोलीत गेले. मृदुला माझ्या मागनं आली, सुगंधा दारात थांबली.

"आक्का, ऐका ना. तुम्हाला नंतर नीट समजावून सांगणारच होते..."

"तू पहिल्या दिवशी माझ्या दारात आलीस, पाया पडलीस. तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"अंदाज होता. सिद्ध व्हायला पाहिजे होतं."

"मग सिद्ध कधी झालं?"

तिनं टोपलीतल्या ढब्बूकडं बघितलं.

"गुलाबचा फोटो काढून आणलास त्या दिवशी?"

"...हो."

"आणि मला काय म्हणालीस?"

"आक्का..."

"काय म्हणालीस ते तुझ्या तोंडानं सांग."

"अशक्तपणा," ती म्हणाली.

"अशक्तपणा म्हटल्यावर ही बाई काय करेल, हे तुला ठाऊक नव्हतं? वर्षभर जिचं खाऊन तू माणसात आलीस, तिची रीत तुला ठाऊक नव्हती?"

"ठाऊक होतं," ती हळू म्हणाली. "पण मधेच बदललं असतं तर सगळंच वाया गेलं असतं. सोळा महिने पूर्ण व्हायला हवे होते. ह्यातनं पुढं हजारो कासवं वाचतील, आक्का."

"हजारो कुठली गं? मला हजारो ओळखत नाहीत. गुलाब ओळखत होती. हाक मारली की पाय ओढत यायची. तिला मी ह्या बोटानं भरवलं, आणि तू पलीकडच्या खोलीत रेघ ओढत बसलीस. विष घाल म्हणाली असतीस तर घातलं असतं का मी? म्हणून तू खायला घाल म्हणालीस."

ती रडायला लागली. रडू दे. तिचं रडणं मला सव्वा महिन्याची असल्यापासून ओळखीचं. भूक लागल्याचं वेगळं, पोट दुखल्याचं वेगळं. हे मला ओळखू आलं नाही.

मी दाराकडं वळले. "आणि तू? आकडे तूच लिहीत होतीस. तुलाही माहीत होतं?"

सुगंधानं पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा दिला. "उन्हाळ्याच्या आधी कळलं मला. इकडचं तिकडं सांगायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी सांगितलं मी तुम्हाला."

"कधी?"

"पाडव्याला, आत्या."

खोलीत बाकीची पाच कासवं फरशीवर खरडत होती. त्यांची खायची वेळ झाली होती, मला बघून सगळी एकाच बाजूला गोळा झाली. बाहेर चहाच्या कपबश्या वाजत होत्या. मला कुणी तरी बस म्हणालं असतं तर बरं झालं असतं. माझ्या जिभेला सगळा गाव भ्यायचा, त्याचा मला तोरा होता. घरच्या बाईला खरं सांगायला एकदाच जागा सापडली आणि तीही मी बंद केली, हे मला त्या फरशीवर उभं राहून कळलं. पण म्हणून मृदुलाचं पाप कमी होत नाही. सुगंधाला माझी भीती होती. हिला कसली होती?

मी वाकले. एकेक उचलून टोपलीत ठेवलं, ढब्बूच्या शेजारी. जोंधळी, मोत्या, तुळसा, पेंद्या, शिरपा. टोपली सुगंधाच्या हातात दिली.

"बाई, ही तुझ्याकडं घे," मी म्हटलं. "मला ह्यातलं काही येत नाही."

तीस वर्षं सासू होते मी. तेवढ्या वर्षांत ते वाक्य माझ्या तोंडून तिनंच काय, कुणीच ऐकलं नव्हतं. तिनं टोपली घेतली आणि उन्हात नेली. त्या दिवसापासून मी माळावर पाय ठेवला नाही, वर्षातला एक दिवस सोडला तर. दर बेंदराला जाऊन बघून यायची. तुळसा आणि पेंद्या पुढच्या वर्षी गेली, शिरपा त्याच्या पुढच्या. बाकीची तगली. ढब्बू अजून आहे. पाठीवरचे डोंगर काही बसले नाहीत, ते आता त्याच्याबरोबरच जायचे. पण प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी नवी सपाट कड आलीय, दरवर्षी केसाएवढी. बोटानं चाचपलं की कळतं, माझ्या हातचं कुठं संपलं आणि सुगंधाच्या हातचं कुठं सुरू झालं.

मृदुलाला तिची पदवी मिळाली. लग्न झालं. मग एक दिवस सकाळी ती दारात आली, दुपट्यात पोर गुंडाळून. महिन्याचंही नसेल. मुलगी. वाकून पाया पडायला लागली, मी पाय आखडून घेतले.

"आक्का, अंगच धरत नाही हो ही. सगळं करून झालं. मला वाटलं, तुमच्या पायांवर..."

पोरीचं काय चुकलं होतं? मी सुगंधाला तेल कोमट करून आणायला सांगितलं, जमिनीवर बसले, पाय पसरले. पोर पालथी घातली. तिच्या आईसारखीच पाठ, कबुतराच्या पिलासारखी. ती टोपली दिल्यापासून दहा वर्षांत कुणाचं पोर घेतलं नव्हतं मी, पण हात विसरले नव्हते. तिनं ढेकर दिला, हात सोडले, झोपेला आली. मृदुला बघत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जुनं, तुमच्यापुढं कुणाचं चालायचंवालं.

"आता हिला काय काय देऊ, आक्का? आणि मी काय खाऊ? तुम्ही म्हणाल तसं."

अळीव, डिंक, खारीक, बाळंतशोपा, सगळं ओळीनं माझ्या जिभेवर आलं. मी गिळलं. पोरीला दुपट्यात घट्ट बांधून तिच्या मांडीवर दिली.

"ते नंतर सांगते," मी म्हटलं. "आधी तू मला सांग. ही लाल, का हिरवी?"